लाल बोलच्या वर आणि खाली : टीसीईनं दूषित झालेल्या भूजलाच्या सफाईच्या नोंदी

जागा : छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेकडच्या औद्योगिक पट्ट्यातला एक बंद कारखाना. यंत्रांचे सुटे भाग वाफेच्या डीग्रीसिंग (वंगण काढायच्या) टाकीत ट्रायक्लोरोइथिलीन (पुढे टीसीई) या द्रावकानं धुतले जात. टाकीला लागून सिमेंटचा खड्डा आहे आणि त्याच्या तळाला तडे गेलेत.
खडक : काळी माती १.५ मीटरपर्यंत, मग ६ मीटरपर्यंत मुरूम, ११ पर्यंत मांजऱ्या (पोकळ्यांचा बेसाल्ट), १९ पर्यंत काळा पाषाण (भरीव बेसाल्ट), १९ ते २० लाल बोल (दोन लाव्हाथरांमधला लाल चिकणमातीचा पट्टा). त्याखाली पुढच्या लाव्हाथराचा मांजऱ्या २७ पर्यंत आणि पुन्हा पाषाण.
आकडे : वेगळं लिहिलं नसेल तिथे मायक्रोग्रॅम प्रतिलिटर.

४ नोव्हेंबर २०२४

कामाची सुरुवात जुने बोअर शोधण्यापासून. टीसीईची घनता १.४६, म्हणजे पाण्याहून जवळजवळ दीडपट जड. सांडलेला टीसीई पाण्यावर तरंगत नाही, खाली उतरत जातो. मुरूम आणि मांजऱ्यातून तो पाषाणाच्या उभ्या भेगांत शिरतो आणि लाल बोलच्या चिकणमातीवर बराचसा अडतो. निसर्गानं दिलेला हा अडसर जेमतेम मीटरभर जाडीचा आहे, आणि आपल्याकडचा बोअर त्याला सरळ भोक पाडतो. केसिंग कठीण खडक लागेपर्यंतच घालायचं, खाली सगळं उघडं, ही मराठवाड्यातली नेहमीची रीत. त्यामुळे वरचं दूषित पाणी खालच्या थरात उतरायला मोकळी वाट मिळते.

कारखान्याच्या नकाशात दोनच बोअर दाखवलेत. जुने वीजपुरवठ्याचे पॅनल, जमिनीत गेलेली केबल आणि धातुशोधक यांच्या आधारे पाच सापडले. त्यातले दोन शेडच्या कोब्याखाली आहेत. उत्तरेला १४० मीटरवर शेतकऱ्याचा चालू बोअर आहे. त्यावर मोसंबीची बाग आणि चार घरांचं पिण्याचं पाणी अवलंबून.

१३ नोव्हेंबर २०२४

पहिले नमुने. पाण्याची पातळी ४.१ मीटरवर. पंप मिनिटाला २०० मिलिलिटरवर ठेवला. पातळी १० सेंटिमीटरहून जास्त खचू दिली नाही. पीएच ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि ओआरपी (पाणी ऑक्सिजनयुक्त की ऑक्सिजनविरहित ते दाखवणारं माप) १० मिलिव्होल्टच्या आत सलग तीन वाचनं स्थिर राहिल्यावरच बाटली भरली. बेलरनं (दोरीनं सोडायच्या नळीनं) नमुना घेऊ नये, वर-खाली हिसडताना टीसीई उडून जातो.

४० मिलिलिटरच्या बाटल्यांत आम्लाचे थेंब टाकायची पद्धत इथे अडली. या पाण्याची क्षारता ४४० मिलिग्रॅम प्रतिलिटर. आम्ल पडताच बाटलीत बारीक बुडबुडे सुटतात, झाकणाखाली हवेची पोकळी तयार होते आणि टीसीई पाण्यातून त्या पोकळीत जातो. बेसाल्टमधल्या जड पाण्याला हे बहुतेक ठिकाणी होणार. उपाय : आम्ल टाकायचं नाही, बाटली ४ अंशांवर ठेवायची आणि १४ ऐवजी ७ दिवसांत तपासून घ्यायची. प्रयोगशाळेला हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर नमुने रांगेत पडून राहतात.

निकाल. नि-३ (टाकीजवळचा तपासणी बोअर, १४ ते १८.५ मीटर) : टीसीई १४,२००, सिस-डीसीई १,९००, व्हिनाइल क्लोराइड ३५ (टीसीईतला एकेक क्लोरीन निघत गेला की आधी सिस-डीसीई बनतो, मग व्हिनाइल क्लोराइड). खो-१ (लाल बोलच्या खाली, ६० मीटर) : टीसीई २,३००. शेतकऱ्याचा बोअर : टीसीई ४६.

टीसीईची पाण्यातली विद्राव्यता लिटरला साधारण १,१०० ते १,३०० मिलिग्रॅम. तिच्या एक टक्क्याच्या वर आकडा गेला की जवळपास न विरघळलेला द्रव साचलेला आहे असं धरून चालायचं. नि-३ त्या रेषेच्या वर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यातल्या टीसीईसाठीचं मार्गदर्शक मूल्य ८ आहे. आपल्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात टीसीईची मर्यादाच नाही. म्हणून नेहमीच्या पाणी तपासणीत असं पाणी ‘पिण्यास योग्य’ ठरू शकतं. चार घरांना त्याच दिवशी पर्यायी पाणी सुरू केलं. उकळून प्यायचा सल्ला दिला नाही : टीसीई ८७ अंशांवर उकळतो, बंद स्वयंपाकघरात उकळलं की तो श्वासातून जातो.

२६ नोव्हेंबर २०२४

जुना बोअर ‘क’ (१६५ मिलिमीटर व्यास, ७५ मीटर खोल, केसिंग ६ मीटर). अडकलेला पंप कॉलम पाइपसकट काढून कॅमेरा सोडला. ९ मीटरवर मांजऱ्यातून पाण्याची धार भिंतीवरून खाली पडताना दिसते. बोअरमधली पाणीपातळी ३१ मीटरवर, म्हणजे लाल बोलच्या बरीच खाली. आसपासच्या खोल बोअरांनी खालचा थर उपसून काढलाय, म्हणून वरचं पाणी सतत खाली ओढलं जातं.

१६ मीटरवर पाषाणात पॅकर (बोअर मध्येच बंद करणारा रबरी फुगा) फुगवला. सहा तासांत वरची पातळी ४.६ मीटरपर्यंत चढली, खालची ३१ वरून ३४ वर उतरली. दोन थरांना जोडणारा हाच बोअर आहे हे यातून पक्कं झालं.

धार मिनिटाला सुमारे ५ लिटर, त्यात टीसीई ४,१००. दिवसाला ७,२०० लिटर म्हणजे जवळपास ३० ग्रॅम टीसीई. असंच वर्षभर चाललं तर एका बोअरमधून १० किलोच्या आसपास टीसीई खालच्या थरात जाईल. हा आकडा प्रत्येक बैठकीत पुढे ठेवायला हवा, कारण सगळ्यांचा कल आधी शुद्धीकरण यंत्र बसवण्याकडे असतो. वरून उपसा करायचा आणि ही धार चालू ठेवायची, यात पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातं.

एक सावधगिरी. पाणी वीस मीटर पडताना टीसीई हवेत उडतो, म्हणून अशा बोअरमधल्या साचलेल्या पाण्याचा आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. नमुना धारेचाच घ्यायचा. आणि बोअरच्या तोंडाशी वाकून पाहायचं नाही, वाफ तिथेच साचते.

९ ते १२ डिसेंबर २०२४

‘क’ बुजवला. आधी तळाला साचलेला जड द्रव आहे का ते इंटरफेस प्रोबनं (पाणी आणि जड द्रव यांची सीमा ओळखणाऱ्या उपकरणानं) पाहिलं, नाही. मिश्रण : सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला ३० लिटर पाणी आणि दीड किलो बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती). बेंटोनाइट आधी पाण्यात भिजवून फुगवायचं, सिमेंट नंतर. क्रम उलटला तर गुठळ्या होतात आणि ते फुगतही नाही. एका गोणीचं सुमारे ४६ लिटर मिश्रण होतं.

या व्यासाच्या बोअरमध्ये मीटरला २१.४ लिटर लागतात. पहिला टप्पा ७५ ते २६ मीटर : हिशेबानं २३ गोण्या, प्रत्यक्षात ३१. ३३ मीटरवरच्या भेगेनं बाकीचं गिळलं. ३२ मिलिमीटरचा एचडीपीई पाइप तळापर्यंत सोडून मिश्रण खालून वर भरलं आणि पाइपचं तोंड कायम दोन मीटर मिश्रणात बुडतं ठेवलं. वरून बादलीनं ओतलं की सिमेंट पाण्यात विखुरतं आणि मध्येच पूल बांधल्यासारखं अडकतं. वरून बुजलेला दिसतो, खाली पोकळीच राहते.

मिश्रण चढताना बोअरमधलं पाणी वरून पंपानं काढत राहावं लागतं, नाहीतर तेच दूषित पाणी भेगांत ढकललं जातं. काढलेलं पाणी बंद टाकीत.

२४ तासांनी दुसरा टप्पा : २६ ते १८ मीटर, म्हणजे लाल बोलच्या आजूबाजूला, बेंटोनाइटच्या गोळ्या, २०५ किलो. हळूहळू सोडायच्या आणि दर अर्ध्या मीटरला टेप टाकून पाहायचं. ९ मीटरची धार इथे कामाला येते, गोळ्या तिच्यानंच भिजतात. तिसरा टप्पा केसिंग उपसून १८ ते १ मीटर : हिशेबानं ८ गोण्या, लागल्या ११. केसिंग तसंच ठेवलं तर त्याच्या बाहेरची मुरमातली पोकळी कधीच बंद होत नाही.

बाकीचे चार बोअर जानेवारीच्या मध्यापर्यंत याच रीतीनं.

३ फेब्रुवारी २०२५

उपसा सुरू. व-१ बोअर १८ मीटर, लाल बोलला हात न लावता. तासाला १.२ घनमीटर. पुढे चार ताटांचा एअर स्ट्रिपर (पाण्यातून हवा सोडून टीसीई उडवणारं यंत्र, तासाला १५० घनमीटर हवा), त्यानंतर २४० लिटर सक्रिय कार्बनच्या (उरलेला टीसीई शोषून धरणाऱ्या) दोन टाक्या एकामागे एक. स्ट्रिपरमधून निघणारी हवाही वेगळ्या कार्बनमधून.

भरीव पॅकिंगचा उंच मनोरा न घेता ताटांचा स्ट्रिपर घेतला तो कठीणपणामुळे. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेबरोबर निघून जातो, पीएच ७.१ वरून ८.२ वर चढतो आणि चुना बसतो. मनोऱ्यातलं पॅकिंग असं चुन्यानं जखडलं की फोडूनच काढावं लागतं. ताटं झाकण उघडून घासता येतात. भोकं बुजू लागली की ब्लोअरचा दाब चढतो. नेहमीच्या दाबाहून २० टक्के वर गेला की धुवायचं.

ब्लोअर बंद पडला तर पंप आपोआप थांबलाच पाहिजे. हवेच्या दाबाचा स्विच पंपाच्या स्टार्टरशी जोडलाय. एक फेज गेली की ब्लोअर थांबतो आणि दुसऱ्या जोडणीवरचा पंप चालत राहतो, असं सहज घडू शकतं. तसं झालं तर पूर्ण दूषित पाणी कार्बनवर जाऊन तो फार लवकर संपेल.

१० मार्च २०२५

दोन कार्बन टाक्यांच्या मधल्या नळाचा नमुना : टीसीई शून्य, सिस-डीसीई १८. अपेक्षितच. सिस-डीसीई कार्बनला टीसीईपेक्षा कमी चिकटतो, व्हिनाइल क्लोराइड त्याहून कमी. म्हणून टाकी बदलायची खूण सिस-डीसीईवरून धरायची. पहिली टाकी रिकामी केली, दुसरी पहिल्या जागी आणि ताजी शेवटी. वापरलेला कार्बन घातक कचऱ्यात मोडतो. तो नोंदवहीत उतरवून रांजणगावच्या केंद्रात रवाना.

२१ एप्रिल २०२५

व-१ मध्ये टीसीई १,१५० पर्यंत उतरला होता. उपसा तीन आठवडे थांबवून पाहिला : ५,६००. मांजऱ्याच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि चिकणमाती भरलेली आहे, शिवाय पाषाणाच्या भेगांच्या भिंतीतही टीसीई शिरून बसलाय. वाहतं पाणी स्वच्छ केलं की तो हळूहळू परत बाहेर येतो. पंप चालू असतानाचा आकडा पाहून जागा सुधारली असं म्हणणं चूक. पंप थांबवून आलेला आकडाच खरा.

उपसा चालू ठेवायचा, पण तो फक्त पसरणं रोखण्यासाठी. मूळ जागेवर दुसरा उपाय हवा.

टीसीई रासायनिक क्रियेनं मोडणाऱ्या पोटॅशियम परमँगनेटचा विचार झाला. किलोभर टीसीईला किमान २.४ किलो लागतं, शिवाय खडकातल्या लोहासाठी वेगळं. क्रियेतून मँगनीज डायऑक्साइडचा काळा साका तयार होऊन बारीक भेगा बुजतात. काही आठवड्यांत ते संपतं, आणि भिंतीतला टीसीई तर वर्षानुवर्षं बाहेर येत राहणार. त्यातून जांभळं पाणी मोसंबीच्या बागेकडे सरकलं तर ते थांबवणं कठीण.

म्हणून टीसीईतला क्लोरीन काढून टाकणाऱ्या जिवाणूंची वाट. भूजलाचं तापमान इथे २७ अंश. डीहॅलोकोकॉइडिस जिवाणू २५ ते ३० अंशांत उत्तम काम करतात. थंड देशांत हाच उपाय रखडतो, मराठवाड्यात ऊन आपल्या बाजूचं आहे.

६ मे २०२५

खाद्याचा हिशेब. जिवाणूंना हायड्रोजन लागतो, तो तेल किंवा साखर आंबून मिळतो. पण त्यावर टीसीईच्या आधी इतरांचा हक्क लागतो. एका घनमीटर पाण्यात : टीसीई १४ ग्रॅम, हायड्रोजन लागतो ०.६५ ग्रॅम. नायट्रेट ८५ ग्रॅम, हायड्रोजन ६.९. सल्फेट ११० ग्रॅम, हायड्रोजन ९.२. विरघळलेला ऑक्सिजन ३ ग्रॅम, हायड्रोजन ०.४. एकूण १७ ग्रॅमच्या आसपास, त्यात टीसीईचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी! शेतातला युरिया आणि जुन्या शौचखड्ड्यांचं नायट्रेट मोजलंच नाही तर तेल निम्म्यात संपतं, टीसीईचा सिस-डीसीई होतो आणि गाडी तिथेच थांबते.

मळी का नाही : साखर कारखाने जवळ, दर कमी, पाण्यात सहज मिसळते. पण ती काही आठवड्यांत संपते, आंबून पीएच खाली ओढते, स्वतःबरोबर सल्फेट आणते आणि तिच्या वाहतुकीला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. सोयाबीन तेल खडकाला चिकटून दोनेक वर्षं हळूहळू झिरपतं. लातूरच्या बाजारपेठेमुळे तेल आणि लेसिथिन (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) दोन्ही इथलंच मिळतं.

एक ग्रॅम तेलातून जास्तीत जास्त ०.३६ ग्रॅम हायड्रोजन. म्हणजे घनमीटर पाण्याला ४८ ग्रॅम तेल. मूळ जागा १२ बाय ८ मीटर, जाडी १३ मीटर, परिणामकारक सच्छिद्रता २ टक्के : भेगांतलं पाणी २५ घनमीटर. दोन वर्षांत ते ३५ वेळा बदलेल असं धरून ४२ किलो. त्याच्या तिप्पट, १३० किलो ठरवलं.

१३ ते १६ मे २०२५

१३० किलो रिफाइंड तेल, १० किलो लेसिथिन, ९० लिटर पाणी. उच्च वेगाच्या मिक्सरमधून तीनदा. काचेच्या ग्लासात थेंबभर टाकून चोवीस तास ठेवला; वर तवंग आला तर थेंब मोठे आहेत, पुन्हा फिरवायचं. मोठे थेंब मांजऱ्याच्या तोंडाशीच अडकतात. साबणाच्या जातीचं इमल्सीफायर इथे चालत नाही, जड पाण्यात फाटतं.

हे ८,००० लिटरपर्यंत पातळ केलं. पाणी व-१ चंच वापरलं. टँकरचं पाणी ऑक्सिजन घेऊन येतं, नळाचं क्लोरीन घेऊन येतं, आणि क्लोरीन जिवाणूंना मारतं. सोडियम लॅक्टेट घालून बंद टाकीत ओआरपी उणे १०० च्या खाली उतरेपर्यंत थांबलो. जीवनसत्त्व बी-१२ लिटरला ५० मायक्रोग्रॅम, या जिवाणूंना ते स्वतः बनवता येत नाही. पीएचसाठी काही घातलं नाही, पाण्याची क्षारताच पुरेशी आहे.

चार बोअरांत प्रत्येकी २,००० लिटर, मिनिटाला ७ लिटर, दाब अर्ध्या बारच्या आत. दाब वाढवला तर द्रव मुरमातून जुन्या केबलच्या चरात आणि तिथून जमिनीवर येतो. शेवटी प्रत्येक बोअरमध्ये ५०० लिटर साधं उपसलेलं पाणी, म्हणजे तेल बोअरमध्ये न राहता खडकात जातं.

१२ जून २०२५

नि-३ मध्ये ओआरपी उणे २१०, नायट्रेट नाही, सल्फेट १५. आता डीहॅलोकोकॉइडिस जिवाणूंचं २० लिटर कल्चर सोडलं. हेच पहिल्या दिवशी सोडलं असतं तर ऑक्सिजननं मेलं असतं. पाइपमधली हवा आधी आर्गॉननं बाहेर काढली.

२८ जुलै २०२५

दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम याच महिन्यात अधिसूचित झाले. आतापर्यंतच्या सगळ्या नोंदी, बुजवलेल्या बोअरांच्या गोण्यांच्या हिशेबासह, एका फायलीत लावायला घेतल्या.

२ सप्टेंबर २०२५

नि-३ : टीसीई ६२०, सिस-डीसीई ७,४००, व्हिनाइल क्लोराइड ४१०, इथीन (सगळा क्लोरीन निघाल्यावर उरणारा वायू) ९०. वजनाचे आकडे इथे फसवतात. मायक्रोमोलमध्ये (रेणूंच्या संख्येच्या मापात) : ४.७, ७६, ६.६, ३.२. बेरीज ९१, सुरुवातीला ती सुमारे १२८ होती. टीसीई ९५ टक्क्यांनी घटला खरा, पण त्यातला बराचसा रूप बदलून अजून पाण्यातच आहे. इथीन दिसू लागलं ही मात्र खरी चांगली खबर : साखळी शेवटपर्यंत चालतेय.

३० सप्टेंबर २०२५

मराठवाडाभर अतिवृष्टी. आवारात पाणी साचलं, दोन इंजेक्शन बोअरांची तोंडं बुडाली. पातळी १.२ मीटरवर. ऑक्सिजनयुक्त पाणी वरून शिरल्यामुळे ६ ते ८ मीटरच्या पट्ट्यात ओआरपी उणे ४० वर आलं, १४ च्या खाली उणे १९० कायम. सगळी तोंडं जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर घ्यायची आणि भोवती सिमेंटचा उताराचा ओटा करायचा. व्हिनाइल क्लोराइडचे वाफेचे नमुने शेडच्या कोब्याखालून घेतले. बोअरच्या तोंडाशी मिथेन २ टक्के. ५ टक्क्यांवर तो पेट घेऊ शकतो. झाकणांना उंच व्हेंट पाइप लावले, जवळपास वेल्डिंग आणि विडी-काडी बंद.

१८ नोव्हेंबर २०२५

नि-३ : टीसीई ६०, सिस-डीसीई २,३००, व्हिनाइल क्लोराइड १,९००, इथीन ८२०. मायक्रोमोलमध्ये ०.५, २४, ३०, २९. डीहॅलोकोकॉइडिस लिटरला १ कोटीच्या वर. फक्त टीसीई पाहणारा माणूस इथे काम थांबवेल, आणि नेमकं आत्ताच थांबायचं नाही : व्हिनाइल क्लोराइड कर्करोगकारक आहे, त्याचं मार्गदर्शक मूल्य ०.३. ते पुढे सरकू नये म्हणून व-१ चा उपसा चालूच.

लाल बोलच्या खालचा खो-१ : २,३०० वरून ३९०. तिथे आम्ही काहीच सोडलेलं नाही, फक्त वरची पाच भोकं बंद केली.

५ डिसेंबर २०२५

शेतकऱ्याचा बोअर. आकडा ४६ वरून ३१. बागेसाठी पाणी लागतंच, तो बुजवा असं सांगता येत नाही. मालकांशी बोलून ठरलं : १६५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये १२५ मिलिमीटरचं पीव्हीसी केसिंग २४ मीटरपर्यंत, म्हणजे लाल बोलच्या चार मीटर खाली, तळाला रबरी पॅकर आणि बाहेरच्या पोकळीत तेच सिमेंट-बेंटोनाइट, खालून वर. पोकळी जेमतेम १५ ते २० मिलिमीटरची, म्हणून केसिंगला दर तीन मीटरवर मध्य साधणाऱ्या पट्ट्या आणि अर्ध्या इंचाची भरण नळी. केसिंग एका बाजूला टेकलं तर त्या बाजूला सिमेंट जात नाही आणि धार तिथूनच उतरते. नवा पंप ४ इंची, तो आत बसतो. पिण्याचं पाणी मात्र बाहेरूनच, सलग चार तिमाही आकडा ८ च्या खाली येईपर्यंत.

१७ डिसेंबर २०२५

केसिंग बसलं. भरणाला २४ मीटरच्या पोकळीसाठी हिशेबानं पाच गोण्या, लागल्या सात. चार दिवसांनी पंप लावून तपासलं : पाणी आधीपेक्षा थोडं कमी, बागेला पुरेसं. पहिला नमुना १९. पुढचा मार्चमध्ये, वरच्या थराची पातळी उतरल्यावर. त्याच वेळी व-१ तीन आठवडे बंद ठेवून पुन्हा मोजायचं.